दात बाबांचे, आवाज आईचा

ऐका हो ऐका! समस्त लहानथोरांस, पाहुण्यारावळ्यांस, आणि विशेषतः इंग्लंडातली जुनी गावं बघायला हौसेने येणाऱ्या आपल्या मराठी मंडळींस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, ज्या गावात मी लहानाची मोठी झाले त्या गावचे गाईड दर शनिवारी बाजारात उभं राहून पर्यटकांना जे सांगतात, त्यातली एक गोष्ट साफ खोटी आहे. मठ जळाल्याची गोष्ट खरी आहे. कमी वजनाचे पाव विकले म्हणून खोड्यात अडकवलेल्या पाववाल्याची गोष्टसुद्धा खरी असावी. पण आमच्या गावचा दवंडीवाला जी आरोळी देतो ती म्हणे फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन सरदारांच्या काळापासून चालत आली आहे. ती तशी आलेली नाही. ती कोकणातल्या एका खाडीवरून आली आहे. या ऐतिहासिक घोटाळ्याला आमची आई जबाबदार आहे, आणि थोडेसे बाबांनी बसवलेले दात. गावाचं नाव मी सांगणार नाही. आईबाबा अजून तिथेच राहतात आणि दिवाळीला मला तिथेच जायचं असतं.

आम्ही त्या गावात आलो तेव्हा मी पहिली-दुसरीतली असेन. बाबा दातांचे डॉक्टर. हाय स्ट्रीटवर एका वाकड्या, काळ्या तुळयांच्या इमारतीत खाली त्यांचा दवाखाना आणि वर आमचं घर. घर इतकं वाकडं होतं की स्वयंपाकघरात लाडू खाली पडला तर तो घरंगळत बाबांच्या पलंगाखाली जायचा. खालून ड्रिलचं सूंऽऽ, वरून आईच्या कुकरची शिट्टी, आणि समोरच्या चर्चमधल्या घंटा. खुर्चीत आ करून पडलेल्या पेशंटला बिचाऱ्याला कळत नसे की यातला आपल्याशी संबंधित आवाज कुठला. एकदा शिट्टी झाल्यावर एका बाईंनी घाबरून विचारलं होतं, "डॉक्टर, झालं का काही?" बाबा शांतपणे म्हणाले, "काही नाही, वरण झालं."

बाबांचा स्वभाव त्यांच्या आवाजासारखाच, कापसात गुंडाळलेला. आणि आई? आईचं माहेर खाडीकाठचं. पलीकडे बाजार, अलीकडे गाव, मधे पाणी आणि तरीवाले नाना नेहमी पलीकडच्या काठाला होडीत झोपलेले. कोणाला पलीकडे जायचं असलं की लोक धक्क्यावरून न ओरडता सरळ आईच्या घरी यायचे आणि म्हणायचे, "सुमनला जरा पाठवा हो." मग परकरातली सुमन धक्क्यावर येई, तोंडाभोवती हात धरी आणि हाक घाली, "ओऽऽ याऽऽ!" नाना आजोबांच्या वयाचे, म्हणून 'ये' नाही, 'या'. ही हाक खाडी ओलांडून, नानांना उठवून, शिवाय पलीकडच्या देवळातल्या गुरवालाही उठवून परत यायची. हे सगळं मी आईकडूनच ऐकलं आहे, त्यामुळे गुरवाच्या बाबतीत मी हमी देत नाही.

असा गळा घेऊन ही बाई इंग्लंडात आली. पहिल्याच उन्हाळ्यात मी नदीकाठच्या कुरणात खेळत असताना तिने खिडकीतून मला जेवायला हाक मारली. शेजारच्या डोरीनकाकू अंगात ॲप्रन, हातात पाण्याची बादली अशा धावत आल्या. त्यांना वाटलं आग लागली. दुपारी दोन पेशंटनी फोन करून आमची सगळ्यांची तब्येत विचारली. बाबा त्या दिवशी इतके लाजले की रात्री जेवताना त्यांनी एक नियम केला. नियम एका शब्दाचा होता: "हळू." त्याबरोबर एक खूण होती, उजव्या हाताने हवेतलं रेडिओचं बटण डावीकडे फिरवायचं. आई हसत असली की बटण. आई फोनवर माहेरी बोलत असली की बटण. "अगं हळू, नवीन गाव आहे, लोक काय म्हणतील?" गाव नवीन कुठलं? ते तर हजार वर्षांचं जुनं होतं. पण आईने ऐकलं. ती हळू बोलायला लागली, मग आणखी हळू, आणि मी मोठ्या शाळेत जायला लागले तोवर तिचा आवाज पोळीखालच्या फडक्याइतका मऊ झाला होता. गंमत बघा, हाच माणूस दिवसभर खाली अख्ख्या गावाला सांगत असायचा, "ओपन वाइड. वाइडर, प्लीज." आणि जिना चढून वर आला की, "हळू."

आमच्या घरी पाहुणे फार. ईलिंगहून बाबांचे मामेभाऊ वसंतकाका तर दर सुट्टीला. पाहुणे आले की बाबा त्यांना गाव दाखवायला न्यायचे, आणि तेव्हा ते दातांचे डॉक्टर उरायचे नाहीत, गावाचे वतनदार व्हायचे. त्या गावावर त्यांचं असं प्रेम होतं की तसं प्रेम मी पुढे फार कमी नवऱ्यांचं बायकोवर पाहिलं. आधी बाजारातली दगडी छत्री. आठ खांब, वर मुकुटासारखं छप्पर, आणि आतले दगडी कट्टे लोणी विकणाऱ्या बायकांनी बसून बसून वाटीसारखे झिजवलेले. बाबा प्रत्येक पाहुण्याला त्या वाटीत बसवायचे. मग खोडा, ज्यात वसंतकाका दर वेळी पाय घालून फोटो काढायचे. मग चर्चचं एका काट्याचं घड्याळ. त्याला मिनिटकाटा कधी नव्हताच. "ज्या काळात हे बनवलं," बाबा कुजबुजत सांगायचे, "त्या काळात तास पुरत होता." मग मठाचे अवशेष, म्हणजे हिरवळीवर एकटी उभी राहिलेली एक कमान आणि तिच्यात संसार थाटलेले कावळे. आणि शेवटी पाणचक्की. तिचं लाकडी चाक अजून फिरतं, दळणाचा तो उबदार वास अजून येतो, आणि तिथल्या बार्लीच्या आणि राय नावाच्या धान्याच्या पिठात कांदा घालून आई जी थालीपिठं लावायची, तशी थालीपिठं मी नंतर पुण्यातही खाल्लेली नाहीत. परवा माझ्या मेडनहेडच्या घरी मी तेच पीठ आणून प्रयत्न केला. माझ्या मुलाने एक घास खाल्ला आणि विचारलं, "आजीची थालीपीठ असा का नव्हता?" वाक्यात लिंगाची वाट लागली होती, पण टीका बरोबर होती.

वसंतकाका खाऊन तृप्त व्हायचे आणि मग टोमणे सुरू. "काय रे अनंता, घड्याळाला काटा एक, मठाला कमान एक. तुमच्या गावात काही जोडीनं मिळतं का? आमच्या ईलिंगला ये, कोथिंबिरीच्या दोन जुड्या एकदम देतात."

"वसंता, तू त्या कट्ट्यावर बसलास ना? पाचशे वर्षांचं लोणी आहे त्याच्यात," बाबा दुखावून म्हणायचे.

"म्हणूनच माझी पँट घसरते."

या सगळ्या फेरीचा कळस शनिवारी दुपारी व्हायचा. दगडी छत्रीच्या पायऱ्यांवर मिस्टर टॅपस्कॉट यायचे. लाल कोट, सोनेरी गोंडे, तीन कोपऱ्यांची टोपी, हातात पितळेची घंटा. ते गावचे दवंडीवाले. पूर्वी गावाला बातम्या द्यायचे, आता पर्यटकांना. घंटा वाजवून ते छाती फुगवून ओरडायचे, "ओ ये! ओ ये! ओ ये!" आणि मग आठवड्याच्या जत्रा, चक्कीच्या वेळा, हरवलेली मांजरं. पर्यटक टाळ्या वाजवायचे. फक्त आमच्या आईच्या कपाळाला आठी.

"अहो, हा अख्ख्या गावाला 'ये' काय म्हणतो?" तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच विचारलं होतं. हळू, अर्थात.

"अगं, तो जुना फ्रेंच शब्द आहे. 'ऐका' असा अर्थ."

"असेना फ्रेंच. समोर मेयर उभा आहे, म्हातारीकोतारी माणसं आहेत. कुत्र्याला बोलवावं तसं 'ओ ये'? 'ओ या' म्हणायला काय जीभ झिजते?"

"अगं, तो मराठी बोलत नाहीये!"

"तेच म्हणते मी. मराठी बोलला असता तर वळण असतं."

मग तो शनिवार आला. मिस्टर टॅपस्कॉटना बाबांनी नवी वरची कवळी बसवली होती. सुंदर कवळी, बाबांना तिचा अभिमान होता. फक्त त्यांनी सांगून ठेवलं होतं, "थोडे दिवस ओरडू नका." आता दवंडीवाल्याला ओरडू नका सांगणं म्हणजे चक्कीला पाणी लावू नका सांगणं. पहिलं "ओ ये" नीट गेलं. दुसऱ्याला जराशी शीळ वाजली. तिसऱ्याला कवळी तोंडातून निघाली, उन्हात चमकली, एक डौलदार वळण घेऊन घोड्यांच्या पाण्याच्या दगडी हौदात पडली आणि तिथून आमच्याकडे बघून हसत राहिली. पर्यटकांनी सर्वांत जोरात टाळ्या त्या दिवशी वाजवल्या. पण मिस्टर टॅपस्कॉटनी घंटा खाली ठेवली. त्यांना ओरडायची धास्तीच बसली. पुढचे कित्येक शनिवार पायऱ्या रिकाम्या राहिल्या. पर्यटक येत, थांबत, घड्याळाकडे बघत, त्यावरून त्यांना फार काही कळत नसे, आणि निघून जात. बाबांना कोणी काही बोललं नाही. इंग्रज बोलत नाहीत, हवामानाविषयी बोलतात. पण बाबा बाजारातून जायचं टाळू लागले आणि पाहुण्यांना गाव दाखवणं बंद झालं.

जाहीर झालं की उन्हाळ्याच्या जत्रेत नव्या दवंडीवाल्याची निवड होणार. ज्याला हवं त्याने पायऱ्यांवर उभं राहून गावात काय काय बघण्यासारखं आहे त्याची दवंडी द्यायची. त्याच सुमारास वसंतकाका आले, आणि आईने बाबांना बळंच बाहेर काढून सगळ्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं. त्या टेकडीच्या अंगावर गवत खरवडून खालच्या पांढऱ्या खडूमातीत काढलेला एक प्रचंड घोडा आहे. कोणी काढला, का काढला, कोणालाच माहीत नाही. जवळ गेलं की नुसत्या पांढऱ्या पायवाटा, आणि गावातून बघितलं की धावणारा घोडा. आम्ही घोड्याच्या डोळ्यापाशी सतरंजी घालून दशम्या, बटाट्याची भाजी, लसणीची चटणी खाल्ली. मग वसंतकाका शतपावली करायला म्हणून निघाले आणि शेपटाच्या बाजूने भलतीकडेच उतरायला लागले, जिथे एका बैलाने एकांतासाठी अख्खं कुरण घेतलं होतं. बैलाने मान वर केली. वसंतकाका शीळ घालत होते. बाबा हळूच म्हणाले, "वसंता." अजून थोडं हळूच, "अरे वसंता."

आई उभी राहिली. तोंडाभोवती हात धरले.

"ओऽऽ भावजीऽऽ! ओऽऽ याऽऽऽ!"

टेकडीवरच्या मेंढ्या एकदम उभ्या राहिल्या. वसंतकाका जागच्या जागी वळले आणि ज्या वेगाने वर आले तो वेग त्या घोड्यालाही जमला नसता. बैल खाली बसला. बाबांचा हात सवयीने बटणाकडे गेला, पण बटण फिरवायचं कोणासाठी? आवाज केव्हाच गावात पोचला होता. आई मात्र तशीच उभी होती, दोन्ही हात तोंडाभोवती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. नाना होडी घेऊन निघाले की नाही, हे बघत असावी तशी.

सोमवारी मिस्टर टॅपस्कॉट वर आमच्या घरी आले. कवळी खिशात. शनिवारी ते एकटेच दगडी छत्रीत बसले होते, आणि टेकडीवरून आलेली ती हाक त्यांनी ऐकली होती. "डॉक्टर," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "तो कोण माणूस होता?"

आईने त्यांच्यापुढे चहा आणि शिरा ठेवला. शिरा, कारण चावावा लागत नाही. आणि फडक्याइतक्या मऊ आवाजात म्हणाली, "ती मी होते."

त्या रात्रीचं जेवण मला पानातल्या कारल्यासकट आठवतं. "मी जत्रेत उभी राहणार," आई म्हणाली.

"अगं, काहीतरीच काय? सगळं गाव असतं. माझे सगळे पेशंट असतात."

"म्हणूनच. तुमच्या कवळीनं गावाचा आवाज गेला. मी भरून देते. दात तुमचे, आवाज माझा."

"आणि फजिती झाली तर?"

आईने त्यांच्या पानात भात वाढला. "अहो, इतकी वर्षं मी हळू बोलतेय. एक दिवस मला माझ्या आवाजात बोलू द्या. तेवढंच मागतेय. तेही नको असेल तर सांगा, गप्प बसते. पण मग कायमची." हे ती हळूच म्हणाली, आणि ते हळूच असल्यामुळे फार भयंकर वाटलं. बाबांनी कारलं खाल्लं, जे ते कधीच खात नाहीत.

जत्रेच्या दिवशी बाजार माणसांनी भरला होता. तळलेल्या कांद्याचा वास, बँड, आणि डोरीनकाकूंचा केकचा स्टॉल, ज्यावर आईच्या शंकरपाळ्या आधी संपल्या. उमेदवार तीन. पहिला गुरांच्या बाजारातला लिलाववाला, छाती पिंपासारखी. त्याने "ओ ये" आरोळी अशी ठोकली की चहाच्या किटल्यांची झाकणं वाजली. दुसरे शाळेतले नाटकाचे मास्तर. त्यांनी दवंडी इतकी भावपूर्ण दिली की दोन बायका रडल्या, पण मागच्यांना ऐकू आली नाही. तिसरी आमची आई. हिरवी इरकल साडी, वर मिस्टर टॅपस्कॉटचा लाल कोट, अंबाड्यावर तीन कोपऱ्यांची टोपी. मावळा आणि पोस्टमन यांच्या मधलं काहीतरी. पायऱ्या चढून तिने घंटा वाजवली. तिने तोंड उघडलं.

"ओ या," ती म्हणाली.

पोळीखालच्या फडक्यासारखं. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तेच. सवय गळ्यात जाऊन बसली होती. खालून कोणीतरी खोकलं. लिलाववाल्याने सहानुभूतीने बुटांकडे बघितलं. आईने गर्दीत बाबांना शोधलं, आणि मी शेजारीच उभी होते म्हणून मला दिसलं की बाबांचा उजवा हात, काही कारण नसताना, नुसत्या घाबरण्यानं, हवेतल्या बटणाकडे चालला होता. अर्ध्या वाटेत बाबांनी स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. आणि मग ते ओरडले. काय ओरडले ते मी शेवटी सांगणार आहे, कारण ती आमच्या घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू आहे आणि अशा वस्तू आधी दाखवायच्या नसतात. एवढंच सांगते की बाबांना ओरडताना त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांचं ते वाक्य ऐकून बाजारातल्या निम्म्या लोकांची तोंडं आपोआप उघडली. नंतर मात्र आईचं उघडलं.

"ओऽऽऽ याऽऽऽ! ओऽऽऽ याऽऽऽ! ओऽऽऽ याऽऽऽ!"

मठाच्या कमानीतले कावळे संसार सोडून उठले. बँडमधल्या झांजा कोणी न वाजवता वाजल्या. आणि मग तिने आपल्या इंग्रजीत गाव सांगितलं. या, कट्ट्यावर बसा, लोणीवाल्या बायकांनी तुमच्यासाठी जागा करून ठेवली आहे. या, आमचं घड्याळ बघा, त्याला एकच काटा आहे म्हणून इथे कोणाला उशीर होत नाही. या, चक्कीवर जा, पीठ घ्या, कांदा घाला. या, टेकडीवर चढा, घोडा बघा, बैलापासून लांब राहा. बाबांनी पाहुण्यांना वर्षानुवर्षं कुजबुजत सांगितलेलं सगळं ती गळा सोडून सांगत होती. बाबा शेजारी ओठ हलवत ते शब्द जुळवत होते, आणि चष्मा पुसत होते, आणि परत जुळवत होते.

मेयरने शेवटी विचारलं, "मॅडम, आपण 'ओ या' का म्हणालात?"

"माझ्या भाषेत 'ये' लहान मुलांना म्हणतात," आई म्हणाली. "तुम्हाला कसं म्हणू?" मेयरला आयुष्यात प्रथमच कोणीतरी व्याकरणाने मान दिला होता. तो टोपी काढून वाकला.

निकाल लिलाववाल्याच्या बाजूने लागला, आणि रास्तच लागला, त्याची दवंडी परंपरेला धरून होती. त्याने ढाल घेतली, फोटो काढले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की शनिवारी दुपारी गुरांचा बाजार असतो. तो म्हशीच्या गतीने आमच्यापाशी आला आणि त्याने घंटा आईच्या हातात दिली. ती घंटा पुढे किती वर्षं आमच्या घरात, डब्यांच्या फळीवर, हरभऱ्याच्या डाळीशेजारी होती. आता आई थकली. सध्या घंटा एका तरुण पोराकडे आहे. आरोळी तो आईचं ऐकून ऐकून शिकला. परवा मी पाहुण्यांना घेऊन गेले होते. पोराने छाती फुगवली, "ओ या!" म्हणाला, आणि गाईडबाई गंभीर चेहऱ्याने सांगू लागल्या की हा उच्चार जगात फक्त याच गावात टिकून आहे, नॉर्मन बोलीचा अवशेष. शेजारी आई उभी होती. ती मोठ्याने हसली. चांगलीच मोठ्याने. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात खिशातच ठेवले.

आता ते वाक्य. माझे बाबा, कापसात गुंडाळलेले, पंधरा पावलांवरच्या भावाला बैलासमोर कुजबुजत हाक मारणारे, त्या भरल्या बाजारात टाचा उंचावून, मान ताणून, आपल्या तमाम पेशंटांच्या देखत बायकोला ओरडून म्हणाले,

"ओपन वाइड, सुमन! वाइडर! अगं, मोठ्यानं!"